सूड उगवतो तो कोण?

समुद्रकाठचे गाव. बाहेरून आलेला बिल्डर, त्याला सामील झालेले गावातले दोन पुढारी, जमीन विकायला नकार देणारा एक म्हातारा, त्याचा संशयास्पद मृत्यू आणि वीस वर्षांनी सूड घ्यायला परतलेला त्याचा मुलगा. रहस्यकादंबरीचा हा साचा जगभर चालतो. मराठीत मात्र कोणी तो हाती घेतला की जाणकार नाके मुरडतात. कोणी म्हणतो, जमिनीसारखा विषय रहस्यकथेच्या बाजारात नेऊ नका. कोणी म्हणतो, जमिनीचा व्यवहार सगळा कागदोपत्री, त्यात रहस्य कसले? तिसऱ्याला सूडकथेत शेतकऱ्याची बदनामी दिसते. आणि चौथा आक्षेप आमच्या बीडकडचा: किनाऱ्याची गोष्ट कोकणाला लखलाभ, कपिलधारच्या डोंगरात तिचे काय काम?

या चारही आक्षेपांचा समाचार घ्यायचा आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. जमिनीची आजची गोष्ट सांगायला रहस्यकादंबरीइतका उपयोगी घाट दुसरा नाही. दोष घाटात नाही, सूडाच्या दिशेत आहे, आणि ती दिशा आपले कथाकार उलटी दाखवत आले आहेत.

पहिला आक्षेप प्रतिष्ठेचा. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, मराठी माणसाने त्या रात्री जागून वाचल्या आणि सकाळी उशीखाली लपवल्या. तेव्हापासून रहस्यकथा म्हणजे वेळ घालवण्याचा उद्योग, हे ठरून गेले. जमिनीचा विषय मात्र 'तुंबाडचे खोत' किंवा 'झाडाझडती' अशा भारदस्त कादंबऱ्यांचा. श्री. ना. पेंडसे यांनी एका खोत घराण्याच्या पिढ्या उभ्या केल्या, विश्वास पाटलांनी धरणग्रस्तांची फरपट मांडली. या कादंबऱ्यांचे मोठेपण मला मान्य आहे. पण त्यांच्यातला प्रतिपक्ष उघड होता, हे विसरू नये. खोत वाड्यात राहत होता आणि त्याला सगळे गाव ओळखत होते. धरणासाठी जमीन घेणारे सरकार होते, 1894 च्या भूसंपादन कायद्याची नोटीस चावडीवर लागत होती. अन्याय होता, पण अन्याय करणाऱ्याचा पत्ता ठाऊक होता. म्हणून मोर्चा कुठे न्यायचा याचा घोळ नव्हता.

आज किनाऱ्यावर जमीन जाते ती बऱ्याचदा नोटीस निघण्याच्या आधी. खरेदीखत एकाच्या नावे, पैसा दुसऱ्याचा, आणि रस्ता कुठून जाणार ही बातमी तिसऱ्याकडून आलेली. विकणाऱ्याच्या घरात बसून कितीही सहृदयतेने लिहिले तरी खरेदीदाराचा चेहरा त्या घरातून दिसत नाही. तो पाहायचा तर कोणीतरी उठून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायला हवे, जुने दस्त काढायला हवेत, एकाच मुखत्याराची सही किती खरेदीखतांवर आहे ते मोजायला हवे. कादंबरीत या हालचालीला तपास म्हणतात आणि तपास हा रहस्यकथेचा कणा आहे.

गांभीर्याचीच गोष्ट असेल तर 1974 चा 'चायनाटाऊन' हा हॉलिवूडचा चित्रपट आठवावा. लॉस एंजलिसच्या पाण्याच्या राजकारणातून स्फुरलेली ती कथा. गुप्तहेर एका नवरा-बायकोच्या भानगडीचा माग काढता काढता जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत पोहोचतो. तिथे त्याला कळते की दुष्काळात कवडीमोल झालेली शेतजमीन वृद्धाश्रमातल्या लोकांच्या नावे खरेदी होते आहे. त्या लोकांना याचा पत्ताही नाही, आणि एक खरेदीदार तर खरेदीच्या आधीच मेलेला आहे. पाणीपुरवठ्याच्या राजकारणावरचा एखादा अहवाल किती जणांनी वाचला असता? तो चित्रपट मात्र पन्नास वर्षे पाहिला जातो आहे. टाना फ्रेंच या लेखिकेची 'ब्रोकन हार्बर' ही 2012 ची कादंबरी आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या अर्धवट सोडलेल्या गृहसंकुलात घडते, आणि तिथल्या एका खुनाच्या तपासातून घरबांधणीच्या फुगवट्याने देशाचे काय केले ते उलगडत जाते. तेव्हा रहस्याने विषय हलका होतो, हा समज टिकत नाही. हलका लेखक कुठलाही विषय हलका करतो, ग्रामीण वास्तववादसुद्धा.

दुसरा आक्षेप वरकरणी बिनतोड आहे. सातबारा आता मोबाईलवर दिसतो, फेरफाराची नोंद होते, खरेदीखत नोंदवले जाते. सगळे उजेडात असताना लपले काय?

हा आक्षेप घेणाऱ्याने कोकणातला एखादा सामायिक सातबारा हाती धरावा. एका गटात तीस-चाळीस नावे असतात. त्यांतली काही माणसे केव्हाच वारलेली, वारसनोंद झालेली नाही. काही गिरगाव-परळला गेली, त्यांची मुले डोंबिवली-विरारला. बहिणींची नावे कधी लागलीच नाहीत, किंवा हक्कसोडपत्रावर सही घेऊन काढली गेली. 'इतर हक्क' या रकान्यात एखादे कूळ आजोबांच्या काळापासून बसलेले. अशा जमिनीतला एक हिस्सेदार गाठायचा, त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र करून घ्यायचे आणि त्याच्या अविभक्त हिश्शाचे खरेदीखत करायचे. एकदा आत पाय ठेवला की बाकीच्यांना वाटपाच्या दाव्याची भीती घालता येते. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येऊ नये म्हणून कूळकायद्यात कलम 63 आहे. त्यावर तोड म्हणून कुठल्या तरी दूरच्या गावचा शेतकरी दाखला पैदा करायचा. फेरफारावर हरकत घ्यायला महसूल संहितेच्या कलम 150 खाली पंधरा दिवस मिळतात. पण नोटीस गावच्या बंद घराच्या पत्त्यावर जाते आणि हरकत घेणारा नालासोपाऱ्याच्या लोकलला लोंबकळत असतो. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. प्रत्येक कागद खरा असतो आणि झालेला व्यवहार खोटा.

खुनाच्या कथेत विचारतात, या मरणाचा फायदा कोणाला? जमिनीच्या कथेतला प्रश्न वेगळा आहे: बातमी आधी कोणाला कळली? प्रकल्प जाहीर होण्याआधीच बाहेरच्या लोकांनी जमिनी घेऊन ठेवल्याचे आरोप राजापूर तालुक्यातल्या रिफायनरीच्या निमित्ताने नाणारलाही झाले आणि बारसूलाही. आरोप खरे की खोटे हा भाग अलाहिदा. पण ते तपासायची रीत एकच आहे. खरेदीखतांच्या तारखा एका बाजूला मांडायच्या, सरकारी अधिसूचनेची तारीख दुसऱ्या बाजूला, आणि मधले अंतर पाहायचे. यापेक्षा सरळ रहस्यकथेचे कथानक मला सुचत नाही. कागद उघडे असले तरी ते एकमेकांशेजारी ठेवून वाचणारा कोणी नाही, आणि पाणी मुरते ते तिथेच.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. तो अर्धा मान्य करूनच पुढे जावे लागेल. आक्षेपक म्हणतात, आपल्याकडचा जमीन गेलेला माणूस सूड घेत नाही, तो संघटना बांधतो. इतिहास त्यांच्या बाजूचा आहे. अलिबागजवळच्या चरी गावचा शेतकऱ्यांचा संप 1933 साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि सहा वर्षे चालला. कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्याच थांबवल्या, उपासमार काढली, पण फुटले नाहीत. त्या लढ्याच्या पाठबळावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती 1949 मध्ये. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्यांनी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहून जासईला लढा दिला. गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पदरात पडले. 2008 च्या सप्टेंबरात पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील 22 गावांनी महामुंबई सेझवर चक्क मतदान केले आणि मोठ्या संख्येने नकार नोंदवला. यात कोयता कुठे आहे? हे लोक निवेदन देतात, संप करतात, मत देतात. त्यांच्या हाती सूडाचे पिस्तूल देणारा कादंबरीकार त्यांचा इतिहास पुसतो, हे म्हणणे मला शंभर टक्के पटते.

पण म्हणून जमिनीच्या गोष्टीत सूड नसतोच, हा निष्कर्ष चुकीचा आहे. सूड असतो, आणि तो भयंकर असतो. फक्त तो घेणारा दुसराच असतो. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे रिफायनरीच्या अनुषंगाने होणाऱ्या घडामोडींवर लिहीत होते. 6 फेब्रुवारी 2023 रोजी जमीन-व्यवहारातल्या एका माणसाविषयी त्यांची बातमी छापून आली. त्याच दिवशी पेट्रोलपंपाजवळ त्यांच्या दुचाकीला मोटारीने उडवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. बातमी ज्याच्याविषयी होती, त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. आता बीडकडे या. कपिलधारच्या पायथ्याशी मांजरसुंबा, तिथून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर मस्साजोग. 6 डिसेंबर 2024 रोजी गावातल्या पवनऊर्जा कंपनीच्या आवारात सुरक्षारक्षकाला मारहाण झाली, सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. 9 डिसेंबरला त्यांचे अपहरण करून त्यांना हालहाल करून मारण्यात आले. कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. दोन्ही ठिकाणी दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण मारला गेला कोण, हे ठरलेले आहे. एक लिहिणारा होता, एक आडवा उभा राहणारा होता.

आपल्याकडच्या सूडाची खरी दिशा ही अशी आहे. ज्याची जमीन जाते तो तारखा मोजत बसतो. ज्याचा सौदा अडतो तो हिशेब चुकता करतो. 'मुळशी पॅटर्न' या 2018 च्या चित्रपटाने पुण्याजवळच्या गावांत जमिनी विकल्यावर घराघरांत काय झाले ते दाखवले, हे त्याचे श्रेय. पण त्या धर्तीच्या कथांत प्रेक्षकाच्या डोळ्यांत भरतो तो शेतकऱ्याच्या पोराच्या हातातला कोयता. ज्यांच्या हातात जमिनी गेल्या त्यांचे हात फारसे कोणी पाहत नाही. भूमिपुत्र सूडाने पेटलेला दाखवला की बंदोबस्त वाढवायला निमित्त मिळते, आणि ज्यांनी खरोखर सूड उगवला ते सभ्य म्हणून सुटतात. इथे कथानकाची चूक राजकारणाची चूक होऊन बसते.

राहिला चौथा आक्षेप, घरचा. कपिलधारला समुद्र नाही, हे खरे. बालाघाटाच्या डोंगरात मन्मथस्वामींची संजीवन समाधी आहे, पावसाळ्यात कोसळणारा धबधबा आहे, कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून पायी येणाऱ्या दिंड्या आहेत. पण याच डोंगराच्या पाठीवर आज पवनचक्क्या फिरतात आणि पायथ्याजवळून सोलापूर–धुळे महामार्ग जातो. वारा विकला जातो, रस्त्याकडेची जमीन विकली जाते, भाडेपट्टे होतात. कोणत्या गटात खांब पडणार ही बातमी गावात शेवटी पोहोचते. किनारा असो की माळ, चाल तीच आहे.

आणि कागदाची किमया पाहायची तर कोकणात कशाला जायला हवे? आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. देवस्थाने, मशिदी आणि दर्गे यांच्या दिवाबत्तीसाठी, सेवेसाठी इनाम जमिनी दिलेल्या होत्या. सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जमीन विकता येत नाही. व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेली मदतमाश जमीन इनाम रद्द झाल्यावर खाजगी मालकीची होऊ शकते. जुन्या मुंतखबातली, म्हणजे इनामाच्या निजामकालीन दस्तातली, खिदमतमाश नव्या आदेशात मदतमाश झाली की शेकडो वर्षांची देवाची जमीन प्लॉटिंगला मोकळी. बीड जिल्ह्यात याच प्रकारांवरून गेल्या काही वर्षांत गुन्हे दाखल झाले, आणि त्यात महसूल खात्यातल्या लोकांचीही नावे आली. कुंपणानेच शेत खाल्ले. यात दर्गे आहेत, देवळेही आहेत. जमीन गिळणाऱ्याला धर्माचा भेद नाही, हे बीडच्या वाचकाला कोणी वेगळे शिकवायची गरज नाही.

तरीही किनाऱ्याची गोष्ट आपण का वाचायची, याचे खरे उत्तर आणखी खोल आहे. किनाऱ्यावरचा कोळी ज्या वाळूवर मासळी सुकवतो, होडी ओढतो, जाळे विणतो, ती वाळू त्याच्या नावे नसते. पिढ्यान्पिढ्यांचा वापर हाच त्याचा हक्क. सातबाऱ्यावर मात्र तो कुठेच नाही. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या बांधकामाला लगाम घातला. 2011 ला आणि 2019 ला ती नव्याने आली, आणि दर वेळी भांडण तेच: मोकळी वाळू कोणाची? आता आपल्याकडचे गायरान आठवा. एकनाथ आवाड यांनी याच जिल्ह्यातून मानवी हक्क अभियान उभे केले ते भूमिहीन दलितांनी कसलेल्या गायरानांच्या हक्कासाठी. गायरान कसणाऱ्याच्या नावेही सातबारा नसतो. त्याच्या दोन एकरांवर सोलर आणायचे ठरले की तो अतिक्रमणवाला, आणि कोळ्याच्या वाळूवर रिसॉर्ट आणायचे ठरले की तोही अतिक्रमणवाला. कागदावर नसलेल्या माणसाला उठवायला खरेदीखतसुद्धा लागत नाही. कोळीवाड्याची कादंबरी बीडच्या गायरानवाल्याने वाचली तर त्याला ती परकी वाटणार नाही.

आक्षेप संपले. आता मंडन.

जमिनीची मराठी रहस्यकादंबरी कशी असावी? तिचा तपास करणारा शहरातून आलेला तडफदार इन्स्पेक्टर नसावा. भूमी अभिलेखातला निवृत्त भूकरमापक असावा, मोजणीची खूण कोणी सरकवली ते ज्याला पावलांनी कळते. नाहीतर सासरी गेलेली बहीण असावी. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. तोवर जिची विचारपूस झाली नाही, तिच्याकडे भाव वाढल्यावर भाऊ साडी-चोळी घेऊन येतो आणि चहा घेता घेता हक्कसोडपत्र पुढे करतो. ती सही करायच्या आधी एक दिवस मागून घेते. कादंबरी तिथून सुरू व्हावी. तिला भावाच्या मागे उभा असलेला माणूस शोधायचा आहे, आणि त्यात भाऊ तुटणार हे तिला माहीत आहे. ही कोंडी कुठल्याही पाठलागापेक्षा जास्त उत्कंठा देईल.

गुन्हेगार एक नसावा. तलाठ्याने डोळेझाक केली, वकिलाने कागद रंगवला, पुढाऱ्याने बातमी दिली, भावाने आगाऊ रक्कम घेतली, आणि गावाने गप्प बसण्याचे भाडे खाल्ले. प्रत्येकाचा वाटा ठरलेला, प्रत्येकाचा हात ओला. खलनायक एकच दाखवला की वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि असा निःश्वास टाकू देणे ही जमिनीच्या कादंबरीतली सर्वांत मोठी फसवणूक आहे.

सूड हवाच, पण त्याची दिशा खरी हवी. बातमी छापणाऱ्यावर, मध्ये पडणाऱ्यावर, सही न करणाऱ्यावर तो कसा येतो ते दाखवा. आधी समजूत, मग आमिष, मग बदनामी, मग खोटा गुन्हा, आणि शेवटी रस्त्यावरची गाडी. ही चढण टप्प्याटप्प्याने लिहिली तर वाचकाला गावातला पुढचा टप्पा आधीच ओळखता येईल. रहस्यकथेने समाजाला द्यायचे ते हेच.

शेवटही खरा हवा. नाणारच्या प्रकल्पाची अधिसूचना 2019 मध्ये रद्द झाली आणि लोकांनी गुलाल उधळला. पण प्रकल्प रद्द झाला म्हणून खरेदीखते रद्द होत नाहीत, आणि काही वर्षांत त्याच तालुक्यात बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाची यंत्रे आली. 'चायनाटाऊन'मध्येही जमीन गिळणारा सुटतोच. म्हणून गुन्हेगाराला बेड्या पडल्या की पडदा टाकायचा, ही सोय जमिनीच्या कादंबरीला नाही. खुनाचा निकाल लागतो तेव्हाही दिवाणी दावा चालूच असतो.

दिवाळी अंकांच्या संपादकांनी अशी एक तरी कादंबरिका मागवावी. लिहिणाऱ्याने समुद्राचे वर्णन करण्याआधी एक दिवस तलाठी कार्यालयात बसावे आणि गावाची फेरफार नोंदवही वाचावी. आणि वाचकाला माझे एवढेच सांगणे आहे: रहस्यकादंबरी मिटताना खुनी सापडला का, एवढ्यावर समाधान मानू नका. फेरफार रद्द झाला का, ते विचारा. तो झाला नसेल, तर त्या गोष्टीत जिंकला तो खरेदीदारच.